मैदान कोणाचे, खेळाडू कोणाचा

कबड्डीविषयीच्या अलीकडच्या चर्चांत एक विधान इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला आणि त्या दिवसापासून कबड्डीपटूला कारकीर्द म्हणावी अशी गोष्ट लाभली. त्याआधी जे होते तो गावजत्रेतला विरंगुळा होता, असे ते विधान आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ लिलावातील रकमा पुढे ठेवल्या जातात: २०१८ मध्ये मुंबईच्या रिशांक देवाडिगासाठी लागलेली १ कोटी ११ लाखांची बोली आणि २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी लागलेली २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली. या रकमा खऱ्या आहेत आणि त्या घामाने मिळवलेल्या आहेत. मात्र कारकीर्दीची सुरुवात पहिल्या बोलीपासून मोजायची, तिचे मूल्य शेवटच्या बोलीवरून ठरवायचे, ही रीत स्वीकारली की खेळाडू घडवणारे सारे काही हिशेबाबाहेर राहते, आणि जे हिशेबाबाहेर राहते ते पुढे नकाशावरूनही पुसले जाते. भिवंडी तालुक्यातील मानकोली आणि तिच्या आसपासच्या गावांत हे पुसले जाणे आज डोळ्यांदेखत चालू आहे, म्हणून हा प्रश्न केवळ क्रीडापानाचा राहत नाही.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचून या खेळाला नियमांची आणि संघटनेची शिस्त लावली, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अशोक शिंदे आणि राजू भावसार हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. त्यांच्या काळी कारकीर्दीला एक ठरलेला मार्ग होता. मुलगा गल्लीतल्या किंवा गावातल्या मंडळाकडून खेळू लागे, किशोर आणि कुमार गटातून जिल्हा संघात पोहोचे, तेथून राज्याच्या संघात निवडला जाई आणि याच वाटेवर कुठेतरी एखादी बँक, बंदर, रेल्वे, पोलीस दल किंवा तेल कंपनी त्याला नोकरी देऊन आपल्या संघात घेई. अशा कार्यालयीन संघांच्या स्पर्धांना महाराष्ट्रात आजही 'व्यावसायिक गट' म्हणतात, तर मंडळांच्या स्पर्धांना 'स्थानिक गट'. लीगच्या आधी कारकीर्द नव्हती असे म्हणणाऱ्यांनी या दोन गटांच्या निकालपत्रांवरून एकदा नजर फिरवली असती, तरी त्यांना आपले विधान मागे घ्यावे लागले असते. देवाडिगाचेच उदाहरण घेतले तर जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने अकरा वर्षांच्या खंडानंतर वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा संघाचा कर्णधार तो होता. बोली त्यानंतर काही महिन्यांनी लागली. लोकांच्या लक्षात मात्र बोली राहिली.

बोलीच्या या व्यवस्थेच्या अगदी उलट टोकाचा नमुना आयर्लंडमध्ये आहे. हर्लिंग हा तेथील अतिप्राचीन मैदानी खेळ. प्रत्येकी पंधरा खेळाडूंचे दोन संघ, अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, चामड्याने मढवलेला लहान चेंडू आणि अंगावर येणारा वेग असे त्याचे स्वरूप. १८८४ साली थर्ल्स या गावी मायकल क्यूसॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली आणि हा खेळ तिच्या छत्राखाली आला. हेन्री शेफलिन हा किल्केनी परगण्याचा खेळाडू २००० ते २०१४ या काळात अखिल आयर्लंड स्पर्धेची दहा विजेतेपदे मिळवणारा ठरला. मैदानावर उतरून इतकी विजेतेपदे जिंकणारा तो पहिलाच. अंतिम सामन्याचे क्रोक पार्क हे मैदान ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक सामावून घेते. असे असूनही शेफलिनला खेळण्यासाठी पगार मिळत नव्हता. तो बँकेत नोकरी करत होता आणि बॅलिहेल या आपल्या गावच्या क्लबकडून खेळत होता. मार्च २०१५ मध्ये त्या क्लबला राष्ट्रीय क्लब विजेतेपद मिळाले आणि त्याच महिन्यात त्याने परगण्याच्या संघातून निवृत्ती जाहीर केली. पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक होऊन त्याने २०१९ आणि २०२० मध्ये तेच विजेतेपद पुन्हा मिळवून दिले. त्याच्यावर बोली लावण्याची सोयच त्या व्यवस्थेत नाही, कारण तेथे खेळाडू ज्या गावचा असतो त्याच गावचा राहतो.

या दोन नमुन्यांमधील फरक समजून घेण्यासाठी अ‍ॅलिस्डेर मॅकिंटायर या तत्त्वचिंतकाइतका उपयोगी दुसरा कोणी नाही. मे २०२५ मध्ये त्याचे निधन झाले आणि मराठीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, हेही येथे थोडे थांबण्याचे एक कारण आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात त्याने एखाद्या साधनेतून मिळणाऱ्या श्रेयांचे दोन प्रकार केले. त्याच्या भाषेतील 'साधना' म्हणजे माणसांनी मिळून जोपासलेले, स्वतःचे निकष असलेले गुंतागुंतीचे कर्म. शेती, वास्तुकला, बुद्धिबळ, फुटबॉल ही सारी या अर्थाने साधना होत, पण नुसते वीट रचणे ही साधना नव्हे. अशा कर्मातून पैसा, पद, कीर्ती मिळू शकते. ही बाह्य श्रेये, कारण ती इतर मार्गांनीही मिळतात आणि एकाला अधिक मिळाली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतात. आंतरिक श्रेये मात्र त्या कर्मावाचून अन्यत्र मिळत नाहीत, ती ज्याने ते कर्म केले त्यालाच ओळखता येतात आणि एकाने ती कमावली तर सगळ्या समूहाची पातळी वाढते. मॅकिंटायर एका लहान मुलाचे उदाहरण देतो. त्याला खाऊच्या आमिषाने बुद्धिबळ शिकवले जाते. जोवर खाऊ हेच त्याचे कारण असते तोवर संधी मिळताच लबाडी न करण्याचे त्याला काहीच कारण नसते. पण ज्या दिवशी त्याला खेळातल्या विश्लेषणाची आणि डावपेचांची गोडी लागते, त्या दिवसापासून लबाडी केली तर तो स्वतःलाच फसवत असतो.

कबड्डीत हे आंतरिक श्रेय कोठे असते, हे सांगणे अवघड नाही. डाव्या कोपऱ्यावर उभा असलेला पकडपटू चढाई करणाऱ्याच्या खांद्याकडे पाहत नाही, त्याच्या पायाच्या रोखाकडे पाहतो. बोनस रेषेच्या मोहाने मागचा पाय उचलला गेला की तोल क्षणभर एका घोट्यावर येतो आणि तो घोटा नेमका त्याच क्षणी धरावा लागतो, आधी धरला तर हात रिकामा राहतो, नंतर धरला तर गुण जातो. मानकोलीजवळच्या कल्याणचा गिरीश एर्नाक हा याच कोपऱ्यातला नावाजलेला खेळाडू. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तो आणि देवाडिगा दोघेही भारतीय संघात होते. पण कोपऱ्यातली पकड एकट्याने होत नाही. शेजारच्या गड्याने हाताची साखळी सोडून नेमक्या वेळी आत यावे लागते, आणि ही वेळ साधणे वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या सातजणांना जसे जमते तसे लिलावातून एका हंगामापुरत्या एकत्र आणलेल्या सातजणांना जमेलच असे नाही. येथपर्यंत मॅकिंटायर लीगच्या विरोधात साक्ष देतो असे वाटते आणि अनेक जुन्या कार्यकर्त्यांना तेवढेच ऐकायचे असते.

परंतु मॅकिंटायर तेथे थांबत नाही. साधना आणि संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तो बजावतो. बुद्धिबळ ही साधना, बुद्धिबळाचा क्लब ही संस्था. संस्थेला पैसा, जागा, सत्ता यांचा व्यवहार करावाच लागतो, म्हणून ती साधनेला भ्रष्ट करण्याचा धोका सदैव असतो, आणि तरीही संस्थेवाचून कोणतीही साधना फार काळ जगत नाही. हे लक्षात घेतले की 'हौशी खेळ शुद्ध आणि पैशाचा खेळ अशुद्ध' ही सोपी विभागणी टिकत नाही. हौशीपणाच्या आदर्शाचा इतिहासही फारसा स्वच्छ नाही. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमधील अ‍ॅथलेटिक्सच्या क्लबने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली तिच्यातून कारागीर आणि मजूर वगळले होते. ज्याला पोटासाठी हात चालवावे लागत नाहीत तोच हौशी. क्यूसॅकचे मोठेपण असे, की त्याने मजुरांना आणि शेतकऱ्यांना मैदानाचे दार उघडले, मात्र पगार न देण्याचा नियम पुढे त्याच्या संघटनेनेही कायम ठेवला. महाराष्ट्रात तर शुद्ध हौशी कबड्डी अशी कधी नव्हतीच. लालबाग-परळच्या चाळींतला गिरणी कामगार, ठाणे-रायगडचा आगरी शेतकरी, कोळीवाड्यातला तरुण यांनी या खेळाला आपले शरीर दिले ते नोकरीच्या आशेने. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या तेव्हा त्या परिसरातल्या मंडळांचा आधारही त्यांच्याबरोबर गेला. शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षण हेही बाह्य श्रेयच आहे आणि ज्या घरातून खेळाडू येतो त्या घराला ते अत्यंत न्याय्य वाटते. लीगने आणलेला तीस सेकंदांचा घड्याळी नियम आणि सलग दोन निष्फळ चढायांनंतरची निर्णायक चढाई यांमुळे वेळकाढू खेळ संपला, पकडीची कला झळाळून उठली, हेही मान्य केले पाहिजे. तेव्हा पैसा आला म्हणून खेळ बिघडला, हा आरोप टिकत नाही.

मग फरक कशात आहे? क्रोक पार्कच्या मालकीत. १९१३ मध्ये संघटनेने ते मैदान विकत घेतले आणि पुढच्या काळात आयर्लंडभर गावोगावच्या क्लबांची मैदाने संघटनेच्या विश्वस्तांच्या नावावर होत गेली. अंतिम सामन्याच्या तिकिटांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा येतो तेव्हा तो मालकाकडे जातो, आणि तेथे मालक म्हणजे गावोगावच्या क्लबांची मिळून झालेली संघटना. शेफलिनने पैसा घेतला नाही याचे कौतुक अनेकजण करतात. ज्या मातीवर तो लहानपणी खेळला ती माती कोणी विकू शकत नव्हते, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

मानकोलीत नेमके हेच नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरचे हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, वळ, अंजूर या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव पडून पत्र्याची आणि काँक्रीटची अफाट गोदामे उभी राहिली, आणि २०२४ मध्ये उल्हास खाडीवरचा मोठागाव-मानकोली पूल वाहतुकीस खुला झाल्यापासून डोंबिवलीही या जमिनींच्या हाकेच्या अंतरावर आली. भात कापून झाल्यावर मोकळे झालेले खाचर हेच या भागातल्या कबड्डीचे मैदान असे; रान सपाट करून, पाणी मारून, दिवे लावून रात्रीच्या स्पर्धा होत आणि पावसाळ्यापूर्वी ती जमीन पुन्हा शेतीकडे परत जाई. या व्यवस्थेला मालकीचा कागद लागत नव्हता, कारण जमीन शेतकऱ्याची असली तरी हंगामापुरती ती गावाची होती. खाचर गोदाम झाले की वर्षभर एकाच कामाचे राहते. जमिनीच्या मालकाला भाडे मिळते आणि ते मिळवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोट्यात भात पिकवणाऱ्या आगरी कुटुंबाने गोदामाचे भाडे नाकारावे, अशी अपेक्षा शहरातल्या कोणाला ठेवता येणार नाही. पण हंगामी सार्वजनिकपणाची जी रीत त्या भाड्याखाली गाडली गेली तिची भरपाई कोणीच दिलेली नाही. मॅकिंटायरने एका नंतरच्या लेखात मासेमारी करणाऱ्या दोन नौकांची तुलना केली आहे: एकीवर सगळे फक्त मोबदल्यासाठी आलेले, दुसरीवर मासेमारीचे कौशल्य आणि एकमेकांच्या कुटुंबांची जबाबदारी या दोन्हींनी बांधलेले. भिवंडी-कल्याणच्या मंडळांचा स्वभाव या दुसऱ्या नौकेचा राहिला आहे. किनारा मात्र त्यांच्या पायाखालून निघून गेला.

म्हणून वाद लीग हवी की नको असा नसून, लीगच्या उत्पन्नावर गावाचा हक्क काय, असा मांडला पाहिजे. जगातील सर्वांत धनवान खेळानेही हा हक्क मान्य केला आहे. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिच्या नियमांनुसार एखादा खेळाडू करार चालू असताना एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जातो तेव्हा हस्तांतर-रकमेचा ५ टक्के भाग त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. हाच दर कबड्डीच्या लिलावाला, आणि तोही संघमालकाकडून वेगळा घेऊन, लावला असता तर देवाडिगाच्या बोलीतून ५ लाख ५५ हजार आणि सेहरावतच्या बोलीतून १३ लाखांहून अधिक रक्कम त्यांच्या मूळ मंडळांकडे गेली असती. खेळाडूच्या खिशातून एक रुपयाही न घेता हे करता येईल.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पैसा घ्यायला मंडळ आहे कोठे? अनेक मंडळे नोंदणीकृत नाहीत, जी आहेत त्यांतली बरीच एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या हाती आहेत, आणि वरच्या पातळीवरचे चित्र याहून चांगले नाही. राष्ट्रीय महासंघ वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाच्या ताब्यात राहिला आणि अखेर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला तेथे प्रशासक नेमावा लागला. स्त्रियांच्या बाबतीत तर संस्थेचा अभाव अधिकच उघडा पडतो. २०१२ च्या पाटण्यातील पहिल्या महिला विश्वचषकात विजेत्या ठरलेल्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि लीगने २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा एकदा भरवून पुढे तो विषय सोडून दिला. आयर्लंडमध्ये स्त्रियांच्या हर्लिंगची, म्हणजे कमोगीची, स्वतंत्र संघटना १९०४ पासून आहे. मंडळे दुबळी आहेत म्हणून त्यांना वाटा नको, हा आक्षेपाचा निष्कर्ष मात्र उलटा आहे, कारण मंडळे दुबळी राहिली ती त्यांच्या नावावर कधी काही नव्हते म्हणून. सदस्यांची यादी, दरवर्षी तपासलेले हिशेब, मुलींच्या संघाची सक्ती आणि निवडून आलेली कार्यकारिणी या अटी घालून वाटा देता येतो, आणि भिवंडी परिसराच्या विकास आराखड्यांत खेळाच्या मैदानासाठी राखल्या जाणाऱ्या जागा अशाच अटींवर गावच्या नोंदणीकृत मंडळांकडे दीर्घ मुदतीच्या कराराने सोपवता येतात. त्या जागा नकाशावर हिरव्या रंगात दाखवून प्रत्यक्षात ट्रकच्या तळांसाठी मोकळ्या ठेवल्या गेल्या, तर पुढचा कोपरारक्षक सराव कोठे करणार, याचे उत्तर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आणि राज्याच्या क्रीडा खात्याने मानकोलीच्या ग्रामसभेत येऊन द्यावे.