बोलीचे ऋण

मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, असे आपली शास्त्रे सांगतात. देवऋण यज्ञाने फिटते, ऋषिऋण अध्ययनाने आणि पितृऋण प्रजेने. परंतु आणखी एक ऋण असे आहे की, ज्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. ज्या बोलीत आईने आपल्याला पहिला घास भरवला, त्या बोलीचे ते ऋण होय. कष्टकऱ्याच्या घरात जन्मलेला मुलगा शिकूनसवरून मोठा झाला आणि त्या बोलीची त्यास लाज वाटू लागली, तर त्याच्या हातून काही अधर्म घडतो काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो केवळ व्याकरणाचा असता, तर शाळेतील गुरुजींवर सोपवून आम्ही मोकळे झालो असतो.

उदाहरणासाठी आम्ही बालाघाट जिल्हा घेतला आहे, आणि तो सहेतुक. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा एकोणिसाव्या शतकात भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बनला आणि नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रांतात नांदला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा मुंबई राज्याकडे गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. लोकांच्या बोलण्यात मात्र त्या दिवशी काहीच फरक पडला नाही. पोवारांच्या घरी पोवारी, मरारांच्या घरी मरारी, लांजीकडच्या खेड्यांत वैनगंगेकाठची मराठी आणि बैहरच्या डोंगराळ मुलुखात द्राविडी कुळातील गोंडी, असा तेथील प्रपंच आहे. पोवारीत ‘आहे’च्या ठिकाणी ‘से’ येते. पलीकडच्या झाडीबोलीत ‘ण’ उच्चारत नाहीत. तेथे ‘पाणी’ हे ‘पानी’च असते, आणि तहान त्यानेही तितकीच भागते.

याच जिल्ह्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत. बालाघाट शहरालगतची भरवेलीची भूमिगत खाण तिच्या खोलीसाठी प्रसिद्ध आहे. उकवा आणि तिरोडी येथेही खनिज निघते. पोलाद बनविण्यास मॅंगनीज लागतेच. 1882 साली रॉबर्ट हॅडफील्ड याने इंग्लंडातील शेफिल्ड येथे मॅंगनीज-पोलादाचा शोध लावला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापासून मध्यप्रांतातील खनिज आगगाडीने बंदराकडे आणि तेथून बोटीने इंग्लंडादी देशांच्या भट्ट्यांकडे जाऊ लागले. 1962 साली ‘मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ स्थापन होईपर्यंत या भागातील मोठ्या खाणींचा कारभार विलायती कंपनीकडे होता.

खाणीच्या वस्तीतील मुलांचे बाल्य कसे असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस वर्णन नको. पाळीचा भोंगा झाला की घर जागे होते. बाप काळ्या धुळीने माखून परततो. कित्येक घरांतील आया डोक्यावर खनिजाची टोपली वाहत आल्या. कित्येकींनी अंगणात सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानांच्या विड्या वळल्या आणि मुलांनी शेजारी बसून पाने कापली, दोरा बांधला. त्या अंगणात चार बोली एकत्र येतात. मूल एका शेजारणीस एका बोलीत उत्तर देते आणि दुसरीस दुसऱ्या, आणि आपण काही विद्वत्तेचे काम करीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. मग ते शाळेत जाते. तेथे हिंदी असते, तीही पुस्तकी. घरी जे तोंडात गोड वाटत होते, ते वर्गात हास्यास्पद ठरते. पहिल्याने इतर मुले हसतात. पुढे मूल स्वतःच आपल्या आईच्या बोलण्यास हसू लागते. आम्हांस जे शल्य बोचते, ते या दुसऱ्या हसण्याचे.

हे दुःख बालाघाटपुरते नाही. ज्या इंग्लंडच्या भट्ट्यांकडे येथील खनिज गेले, तेथील कामगारवस्त्यांतही हेच घडत होते. डरहॅम आणि नॉर्थंबरलंड येथील कोळसाखाणींच्या कामगारांची ‘पिटमॅटिक’ नावाची बोली प्रसिद्ध आहे. लीड्स येथील हन्स्लेट या कामगारवस्तीत आजीच्या हाताखाली वाढलेले रिचर्ड हॉगार्ट यांनी 1957 साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या मुलाचे चित्र रेखाटले. हा मुलगा घरास परका होतो आणि नव्या जगासही पुरता आपला वाटत नाही. त्याच शहरातील एका बेकरीकामगाराचा मुलगा टोनी हॅरिसन वर्गात कीट्सची कविता म्हणू लागला, तेव्हा त्याच्या उच्चारांपायी शिक्षकांनी त्यास थांबविले. पुढे तो नामांकित कवी झाला आणि त्या प्रसंगावरच त्याने कविता लिहिली. जेत्यांच्या देशातही गरिबाची जीभ अशीच दंड भरीत होती तर!

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, ‘बोलीचे कौतुक हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. खाणकामगाराच्या मुलीस नोकरी हवी, अर्ज लिहिता आला पाहिजे, कचेरीत ताठ मानेने बोलता आले पाहिजे. तिला पोवारीत कोंडून ठेवण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?’ कोणीही दिलेला नाही, हे आम्ही मान्य करतो. प्रमाणभाषा ही भाकरीची भाषा आहे, आणि ती गरिबास नाकारणे हा अन्यायच होय. बोली बदलणे हे पाप नव्हे. नदीही पात्र बदलते. मग दोष कोठे आहे?

आमच्या मते दोष तुच्छतेत आहे. बोली ही काही हवेत तरंगत नसते. ती कोणाच्या तरी मुखी असते. बोलीस गावंढळ म्हणणारा मनुष्य वस्तुतः ती बोलणाऱ्यास गावंढळ म्हणत असतो. ज्या आईने टोपली वाहून फी भरली, तिच्याच उच्चारावर त्या फीच्या बळावर हसणे, यास कृतघ्नतेवाचून दुसरे नाव नाही. आणि आपल्याकडे कृतघ्नास प्रायश्चित्त नाही असे म्हणतात.

आपल्या पूर्वसूरींनी हा विवेक जपला होता. महानुभाव पंथातील केसोबास संस्कृतात रचना करू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस रोखले. आपल्या पंथातील म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानास मुकतील, एवढेच कारण त्यांनी दिले. आचार्यांनी संस्कृतास कमी लेखले नाही. त्यांनी म्हाताऱ्यांस कमी लेखू दिले नाही. विसाव्या शतकात खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांनी अक्षरओळख नसताना शेतात आणि जात्यावर आपल्या बोलीत गाणी रचली. त्यांच्या निधनानंतर 1952 साली ती छापली गेली आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या बोलीची त्यांना लाज वाटली असती, तर तो ठेवा आपल्या हाती आलाच नसता.

आमच्या वाचकांस तर हे परक्याचे दुःख वाटण्याचे कारण नाही. 1684 साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने कोंकणी बंद पाडण्याचे फर्मान काढले होते. 1905 साली ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीचा मराठीविषयक खंड निघाला. त्यात नागपूरकडील बोलींबरोबर कोंकणीचीही गणना मराठीची बोली म्हणून झाली होती. पुढे साहित्य अकादमीने 1975 साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि 1992 साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तो वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. घरी कोंकणी आणि देवळात मराठी कीर्तन, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदलो; एकीने दुसरीस विटाळ मानला नाही. ‘तुमची ती भाषाच नव्हे’ हे वाक्य किती जिव्हारी लागते, हे आपण जाणतो. मग तेच वाक्य आपण गोंडी बोलणाऱ्या मजुरास ऐकवावे काय?

त्या भाषापाहणीत नमुन्यासाठी बहुतेक प्रत्येक बोलीत एकच कथा घेतली होती. घरची संपत्ती उधळून दूरदेशी गेलेला मुलगा शेवटी बापाच्या दारी परततो, अशी ती बायबलातील दृष्टांतकथा. शेकडो बोलींनी सांगितलेली ही कथा योगायोगाने त्या बोलींचीच व्हावी, हे विलक्षण आहे. बोलीही आपल्या दूर गेलेल्या मुलाची वाट पाहत असते, आणि परतल्यावर हिशेब विचारीत नाही.

तेव्हा हे ऋण फेडावे कसे? कोश आणि संमेलने ही मोठी कामे आहेत. ती ज्यांस साधतील त्यांनी अवश्य करावीत. परंतु प्रत्येकास साधेल असे एक लहान काम आहे. आईने, आजीने, गावाकडच्या काकांनी आपल्या बोलीत हाक मारली, तर त्याच बोलीत उत्तर द्यावे. चार माणसांत तर अवश्य द्यावे. देवळातील उत्सवात मुलांच्या पाठांतराच्या स्पर्धा होतात. तेथे ‘ण’ऐवजी ‘न’ आला म्हणून जर मूल हसण्यावारी जात असेल, तर परीक्षकांनी आधी हसणाऱ्यांस आवरावे आणि मग मुलास ‘ण’ शिकवावा. शिकविणे आणि हिणविणे यांतील अंतर ज्यास कळले, त्यास या प्रश्नातील धर्म कळला, असे आम्हांस वाटते. देवास भाव कळतो असे आपण नित्य म्हणतो. माणसाच्या बाबतीतही तेवढे मानले, तरी या ऋणाचा पहिला हप्ता फिटेल.