लादलेली वस्ती

अन्यायाने वसवलेल्या मोहल्ल्यावर माणसाने प्रेम करावे काय? आणि केले, तर तो अन्याय मान्य केल्यासारखे होते काय? दक्षिण आफ्रिकेतील लेनेशियाचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

लेनेशिया जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर, सोवेटोच्या शेजारी आहे. १९५० साली ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ आला आणि कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचे, हे सरकार ठरवू लागले. शहरालगतच्या पेजव्ह्यूमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची घरे होती, दुकाने होती, मशिदी होत्या. तो भाग गोऱ्यांसाठी राखीव झाला आणि भारतीयांना लेनेशियाचा रस्ता दाखवण्यात आला. तिकडे केपटाउनमध्ये आपल्या कोकणी मुसलमानांपैकी अनेकांच्या वाट्याला रायलँड्स आले.

लोक सहजासहजी हलेनात, तेव्हा सरकारने शाळेला हाताशी धरले. जोहान्सबर्गमधील भारतीय मुलांचे माध्यमिक शिक्षण लेनेशियात न्यायचे ठरले. मुले गेली की आईबाप मागोमाग जातील, असा हिशेब होता. शाळेचा असा वापर कोणाही शिक्षकाला अस्वस्थ करील. पालकांनी १९५५ साली फोर्ड्सबर्गमध्ये स्वतःचे सेंट्रल इंडियन हायस्कूल काढले. पालक संघटनेचे सचिव अहमद कथराडा होते. त्यांनीच पुढे २६ वर्षे तुरुंगात काढली. शाळेचे मुख्याध्यापक मायकेल हार्मेल गोरे होते, तर तिथे शिकवणारे ड्यूमा नोक्वे काळे. कायदा माणसांना वेगळे करीत असताना एका शाळेने त्यांना एका छताखाली आणले.

शेवटी बहुतेकांना जावेच लागले. पण गेलेली माणसे रडत बसली नाहीत. त्यांनी मशिदी बांधल्या, मंदिरे बांधली, मदरसे चालवले, खेळाची मैदाने केली. गुजराती, तमिळ, उर्दू बोलणारी घरे शेजारी झाली. १९८४ साली सरकारने भारतीयांसाठी वेगळ्या सभागृहाची निवडणूक घेतली, तेव्हा बहिष्काराच्या चळवळीत लेनेशिया आघाडीवर होते. देशभरात नोंदलेल्या भारतीय मतदारांपैकी सुमारे २० टक्क्यांनीच मत दिले. सरकारने ज्यांना एका कुंपणात कोंडले, त्यांनीच एकत्र येऊन त्या सरकारला नकार दिला.

अशा वस्तीची आठवण गोड वाटली, तर ते चूक आहे काय? इतिहासकार जेकब ड्लामिनी यांनी २००९ साली ‘नेटिव्ह नॉस्टॅल्जिया’ या पुस्तकात काळ्यांच्या काटलेहाँग वस्तीबद्दल हाच प्रश्न मांडला. मला वाटते, आपल्या भाषेतले दोन शब्द इथे कामी येतात : सब्र आणि रजामंदी. सब्र करणारा जुलमाला जुलूमच म्हणतो, पण त्याच्याखालीही माणूस म्हणून जगतो, चूल पेटवतो, मुलांना शिकवतो. रजामंदी देणारा मात्र जुलमाला नाव देण्याचेच सोडून देतो. लेनेशियातल्या आपुलकीचे श्रेय तिथल्या माणसांचे आहे. त्यातला कणभरही वाटा कायद्याला देता येत नाही.

मात्र या प्रेमाची एक कसोटी आहे. वर्णभेदाच्या उतरंडीत भारतीय गोऱ्यांच्या खाली होते, पण शेजारच्या सोवेटोतील काळ्यांच्या वर होते. आपल्याला मिळालेली सवलत दुसऱ्याला नाकारलेली आहे, हे आपल्या दुःखात विसरायला होते. १९९४ साली लोकशाही आली. पण लेनेशियातच थेंबेलिहले नावाची गरीब काळ्यांची झोपडपट्टी आहे. २००२ साली, खालची जमीन धोक्याची असल्याचे कारण देऊन, सरकार तिला हलवायला निघाले. रहिवाशांनी विरोध केला. ही झोपडपट्टी इथून जावी, असे लेनेशियातल्या काही जुन्या रहिवाशांनाही वाटत होते. जमिनीचा धोका खराही असेल. पण बेघर होणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी भोगले, तिथून तरी आधी हा प्रश्न यायला हवा होता : ‘ही माणसे जाणार कुठे?’

भोगलेले दुःख माणसाला आपोआप न्यायी करीत नाही. त्यासाठी ते आठवावे लागते, आणि आठवताना शेजाऱ्याकडे पाहावे लागते. शेजाऱ्याच्या हक्काला आपल्या दीनने मोठे स्थान दिले आहे आणि तो हक्क देताना शेजाऱ्याचा वर्ण विचारलेला नाही. लादलेल्या वस्तीवर खुशाल प्रेम करावे. मात्र तिच्या दाराशी उद्या कोणी दुसरा बेघर उभा राहिला, तर आपण त्याच्याशी कसे वागतो, यावरून ते प्रेम सब्रातून आले की रजामंदीतून, हे कळेल.