पिंजऱ्याचा रंग

मैसूरच्या पश्चिमेकडील बोगादी हे एकेकाळी स्वतंत्र खेडे होते. आता शहराने ते आपल्यात सामावून घेतले आहे. मानसगंगोत्रीचा विद्यापीठ-परिसर आणि १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था येथून दूर नाही, आणि भाषेच्या कामासाठी म्हणून आलेली माझ्यासारखी काही मराठी माणसे याच बाजूस कायमची राहिली. आमच्या घरामागील जुन्या झाडावर पिंगळ्यांचे एक जोडपे आहे. शेजारी त्यांना ‘गूबे’ म्हणतात. हा शब्द मूर्ख माणसालाही लावतात, याबाबतीत कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा सारख्याच अन्यायी आहेत.

माझ्या भाच्याला छायाचित्रणाचा नाद आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने एकाच घुबडाची दोन छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. पक्षी शृंगी घुबडाच्या जातीचा. पंख मोडल्यामुळे उडू न शकणारा, आणि म्हणून जखमी पक्षी सांभाळणाऱ्या परगावच्या एका केंद्रात आयुष्यभरासाठी राहिलेला. पिंजऱ्यावर हिरव्या फायबरचे पत्रे होते. त्यांतून गाळून आलेल्या उन्हामुळे पहिल्या छायाचित्रातला पक्षी शेवाळल्यासारखा दिसत होता. जाळी मात्र दोन्हींतही नव्हती. भिंग जाळीला टेकवून त्याचे छिद्र पुरते उघडले की तारा इतक्या अस्पष्ट होतात की त्या होत्या याचाही मागमूस राहत नाही. दुसऱ्या छायाचित्रात हिरवी झाकही गेली होती. त्याच जागी, त्याच उजेडात त्याने एका करड्या पुठ्ठ्याचे चित्र घेऊन ठेवले होते. संगणकावर तो पुठ्ठा पुन्हा करडा दिसेपर्यंत त्याने रंग सरकवले, आणि त्याबरोबर पक्षीही तपकिरी, पिंगट, काळ्या रेघांचा होऊन पुढे आला. डोळे नारिंगी झाले.

“मी काही घातलेलं नाही, मामा,” तो म्हणाला, “फक्त हिरवा काढला. हाच त्याचा नैसर्गिक रंग आहे.” ते छायाचित्र एका प्रदर्शनात लागायचे होते आणि त्याखाली चार ओळी मी लिहून द्याव्यात अशी त्याची इच्छा होती.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि ‘नैसर्गिक’ हा शब्द मला टोचत राहिला. घुबड रात्री हिंडते, आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातील पेशींना रंग ओळखता येत नाही. रात्रीचे घुबड माणसाला दिसलेच तर राखाडी आकृती म्हणूनच दिसते. त्याची ती सुंदर चित्रविचित्र पिसे दिवसासाठी असतात. झाडाची साल, कपारीतला दगड, वाळलेला पाला यांत मिसळून कोणाच्या दृष्टीस न पडता दिवस काढता यावा, हे त्या रंगाचे प्रयोजन. म्हणजे ज्या रंगाला आपण खरा म्हणतो, तो दिसू नये म्हणून असलेला रंग आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार ज्या दर्शनाने बारकाईने केला, त्याचे एक नाव औलूक्य दर्शन असावे, हा एक गमतीचा योग. वैशेषिकांचे प्रवर्तक कणाद यांचेच नाव उलूक असे सांगतात. त्यांच्या मते रूप, म्हणजे रंग, हा द्रव्याच्या ठिकाणी राहणारा गुण आहे. तो केवळ डोळ्यालाच कळतो आणि कळण्यासाठी उजेड लागतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रंगांचे सात प्रकार दिले आहेत, त्यांत कपिश आणि चित्र हे दोन आहेत. हे दोन शब्द जुळवले की घुबडाचे वर्णन होते! या मताने पाहिल्यास हिरवेपणा पत्र्याचा, कपिशपणा पक्ष्याचा; भाच्याने एका द्रव्याचा गुण दुसऱ्यावरून पुसून टाकला, इतकेच. तर्क निर्दोष आहे. पण पक्षी त्या पत्र्याखाली वर्षानुवर्षे बसलेला आहे, या गोष्टीला त्यात जागा नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा वडाखाली जागा असताना एक घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांचा संहार करते आणि त्यावरून त्याला रात्रीच्या कत्तलीची कल्पना सुचते. मध्यरात्रीचा तो पक्षी व्यासांनी पिंगट रंगात आणि डोळ्यांच्या रंगासह वर्णिला आहे. तो रंग अंधारात कोणाला दिसला, असे आपण विचारीत नाही, कारण काव्य म्हणजे पंचनामा नव्हे. छायाचित्राला मात्र ही सवलत मिळत नाही. त्याचे सारे वजन, ‘हे असे होते’ या साक्षीवर उभे असते.

मग हिरवे छायाचित्र खरे आणि तपकिरी खोटे म्हणावे काय? तसेही म्हणवत नाही. तपकिरी चित्र शृंगी घुबड या जातीचे चित्र आहे आणि ओळखीच्या पुस्तकात तेच हवे. हिरवे चित्र त्या एका घुबडाचे आहे. सामान्य आणि व्यक्ती यांतला हा भेद. अडचण येते ती एकाच्या जागी दुसरे मुकाट्याने ठेवल्यावर. चित्राखाली काहीच लिहिले नाही तर पाहणारा ते रानातले घुबड समजणार, हे भाच्याला ठाऊक होते. मलाही होते.

चिठ्ठीला इतके महत्त्व कशाला, असे वाटणाऱ्याने खानदेशातील रानपिंगळ्याची हकिगत आठवावी. १८७३ साली ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढील दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. अपवाद एकच, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचा रिचर्ड माइनर्टझहागेन यांचा नमुना. तो बनाव निघाला. लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी चोरून, उसवून, नव्याने भरून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली होती. पिसे खरी होती, रंग खरा होता. स्थळ आणि काळ तेवढे खोटे, आणि तेवढ्यानेच शोध चुकीच्या प्रदेशाकडे वळत राहिला. ही लबाडी उघड करणाऱ्या पॅमेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूस सारली, जुन्या अस्सल नोंदींचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या दोन सहकाऱ्यांसह त्यांना, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत दिसला.

भाच्याचे काम याच्याशी तुलना करण्यासारखे नाही, हे मी जाणतो. या निमित्ताने मला आठवले ते माझेच एक काम. तरुणपणी निपाणीकडच्या एका वृद्ध बाईच्या ओव्यांची वही मी संपादित केली होती. तिच्या मराठीत कानडीची झाक होती. क्रियापदे वेगळी, काही शब्द सरळ कानडी. मी ती झाक काढली. काही घातले नाही, फक्त काढले, आणि प्रस्तावनेत ‘स्वाभाविक मराठी’ असा शब्दही वापरला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी नाकारलेला पाठही तळटीपेत जपून ठेवला. हे मला तेव्हा माहीत नव्हते असे नाही. वर्गात मी ते शिकवीत होतो. एका निरक्षर बाईच्या पाठाला तळटीप असावी, असे मात्र मला वाटले नाही. ती सीमेवर राहत होती आणि तिची बोली ही तिच्या राहण्याची खूण होती.

शेवटी छायाचित्राखाली मी चारच ओळी लिहिल्या: पक्षी कोठे आहे, का आहे, वर पत्रा कोणत्या रंगाचा होता आणि तो रंग चित्रातून काढला आहे. भाच्याने त्या वाचल्या आणि म्हणाला, “मामा, हे वाचून लोक घुबडाकडं बघणारच नाहीत, न दिसणाऱ्या पत्र्याकडं बघतील.” त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. ओळी मात्र त्याने तशाच लावल्या.

त्यानंतर एका दुपारी माळ्यावरून त्या ओव्यांचे माझे जुने हस्तलिखित काढले. एका ओवीतला मूळ शब्द खोडलेल्या शाईखाली अजून वाचता येतो. बाकीच्या ओव्या मी स्वच्छ अक्षरात नव्याने उतरून काढल्या होत्या, आणि काम झाल्यावर मूळ वही तिच्या मुलाकडे परत पाठवली होती. त्या वहीचे पुढे काय झाले, हे सांगू शकेल असे त्या घरात आता कोणी राहिलेले नाही.