आधी घेर, मग डोकं

तंजावरच्या बाजारात डोलणारी बाहुली मिळते. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टि बोम्मै’ म्हणतात, म्हणजे मान डोलावणारी बाहुली. नर्तकीच्या बाहुलीत घागरा, धड आणि डोकं असे सुटे भाग एकावर एक तोलून टेकवलेले असतात. डोक्याला टिचकी मारली, तर बहुतेक डोकंच हलतं. खालच्या घेराला धक्का दिला, की हालचाल धडात चढते आणि डोकं सगळ्यांत शेवटी डोलतं. गोल्फमधलं एक कोडं उलगडायला ही बाहुली उपयोगी पडते.

चेंडू मारण्यासाठी गोल्फचा क्लब मागे वर नेताना त्याची दांडी हवेत एक तिरकं प्रतल आखते. खाली येताना ती त्याच प्रतलातून येत नाही. गोल्फपटू बेन होगनने १९५७च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात चेंडूपासून निघून खांद्यांवर टेकलेल्या काचेच्या तावदानाची कल्पना मांडली. उतरताना हे तावदान थोडं आडवं होतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लक्ष्याच्या किंचित उजवीकडे वळतं, असंही त्याने सांगितलं. मग तावदान आडवं करायचं कोणी? नवशिक्याचं उत्तर ठरलेलं असतं: हातांनी.

पण हातांना तेवढी सवड कुठे असते? वरून चेंडूपर्यंतचा प्रवास साधारण पाव सेकंदाचा. ‘आता आडवं कर’ असं मनात येईपर्यंत चेंडू उडालेला असतो. म्हणजे हा बदल करायचा नसतो, तो घडू द्यायचा असतो. तो घडतो क्रमामुळे. वर जाताना क्लब आणि हात पुढे, कंबर मागे. उतरताना हा क्रम उलटतो. आधी भार डाव्या पायावर येतो, कंबर वळते, मग खांदे, मग हात. क्लब मागे रेंगाळतो, उजवं कोपर बरगडीजवळ उतरतं आणि दांडी आपसूक आडवी होते.

क्रम चुकला, खांद्यांनी घाई केली, तर हात पुढे ढकलले जातात आणि प्रतल उभं होतं. क्लब बाहेरून आत येतो, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं असेल तर चेंडू उजवीकडे वळून भरकटतो. ही बाहुलीच्या डोक्याला मारलेली टिचकी.

गोल्फपटू जिम फ्युरिक क्लब जवळजवळ उभा वर नेतो आणि मोठा वळसा देऊन आडव्या प्रतलात उतरवतो. असा वेडावाकडा स्विंग घेऊनच त्याने २००३ची यूएस ओपन जिंकली, २०१६मध्ये एका फेरीत ५८ फटक्यांची नोंद केली. वर जाण्याची वाट ज्याची त्याची असू शकते. उतरण्याचा क्रम मात्र मोडून चालत नाही.

करून पाहा. क्लब वर नेऊन थांबा. हात सैल ठेवा, फक्त डाव्या पायावर भार टाका आणि कंबर वळू द्या. कोपर आपण होऊन खाली येतं. हातांना तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.