आकडीची वाट पाहणारी आई



या आठवड्यात ११ फेब्रुवारीला लूर्डस मातेचा सण आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हाच दिवस आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणून ठरवला. उद्या फेब्रुवारीचा दुसरा सोमवार. तो जगभर अपस्माराच्या, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी म्हणतो त्या आजाराच्या रुग्णांसाठी पाळला जातो. म्हणून आज मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील बापाकडे व त्याच्या मुलाकडे पाहू या.

प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. बापाने मुलाला शिष्यांकडे आणले, त्यांना काही करता आले नाही. शास्त्री वाद घालत राहिले. मग येशूने मुलाला आपल्याकडे आणायला सांगितले. पुढच्या ओळीवरून आपण घाईने सरकतो. येशूसमोर येताच मुलाला झटका आला. तो जमिनीवर पडला, लोळू लागला, तोंडाला फेस आला. तेव्हा येशूने बापाला विचारले, हे याला केव्हापासून होते? मुलगा समोर तडफडतो आहे आणि प्रभू आजाराची हकिकत विचारतो आहे! मला या प्रश्नाचे अनेक वर्षे नवल वाटे.

गेल्या वर्षी दुसऱ्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मला हॉस्पिटलात बोलावले. दहा वर्षांचा मुलगा. डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या, त्यांतून बारीक वायरींचा झुपका बाहेर आलेला, समोर रात्रंदिवस चालू असलेला कॅमेरा. योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही झटके थांबत नाहीत, तेव्हा हा आजार औषधांना दाद देत नाही असे डॉक्टर म्हणतात. अपस्माराच्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे एकाची ही गत असते. काही मुलांच्या मेंदूत झटका एकाच जागी सुरू होतो. ती जागा काढता आली तर तो थांबण्याची आशा असते. पण आधी ती सापडायला हवी. डोक्यावर तारा चिकटवून काढलेला साधा ईईजी कवटीबाहेरून ऐकतो. बंद दाराबाहेर उभे राहून घरातले भांडण कोणी सुरू केले ते ओळखण्यासारखेच ते. एमआरआयमध्येही कधी काहीच दिसत नाही. मग कवटीला बारीक छिद्रे पाडून, जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीचे दहा-पंधरा इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर ठेवतात. पॅरिसच्या सेंट ॲन हॉस्पिटलात जाँ तालेराक आणि जाँ बांको या डॉक्टरांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत घडवली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, हे ऐकून त्या आईला जरा धीर आला होता. रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका थोडा असतो, पण असतो. तोही तिला सांगितला होता.

तारा बसवल्यावर काय करतात? औषधे हळूहळू कमी करतात आणि झटका येण्याची वाट पाहतात. आठवडा, कधी त्याहून जास्त.

ती माऊली मला म्हणाली, ‘फादर, सात वर्षं मी रोझरीत एकच मागणं मागितलं, याला फिट येऊ देऊ नकोस. आता डॉक्टर म्हणतात, यायला हवी. मी मरियामातेकडे आता काय मागू?’

मला उत्तर सुचले नाही. (धर्मगुरूला सगळी उत्तरे येतात असा आपल्याकडे एक समज आहे.) तिच्याबरोबर दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हटले आणि निघालो. जाताना तिने एक वही दाखवली. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, आधी कोणता हात आखडला, डोळे कुठे वळले. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, केव्हापासून होते आणि कसे सुरू होते?

परतताना लोकलमध्ये मार्कचा तो प्रसंग आठवला. आजवरचे झटके त्या बापाने एकट्याने सोसले होते, मूल कधी विस्तवात पडलेले, कधी पाण्यात. हा एक झटका बरे करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आला. आणि येशूने आधी त्या बापाचे ऐकून घेतले. त्या आईचे मागणे उलटे झालेच नव्हते. घरात, रात्री, तिच्या एकटीसमोर जे घडत होते ते आता कोणाला तरी दिसावे, एवढेच ती मागत होती.

चौथ्या रात्री तिचा फोन आला. ‘आली, फादर.’ आणि ती रडू लागली.

आपण मात्र दडवतो. मुलीला फिट येते हे लग्न ठरेपर्यंत बोलत नाही. कांदा, चप्पल हुंगवतो. मुलाला पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला पाठवत नाही. इतरांना कशाला बोलू? १९१७ च्या कॅनन लॉने अपस्माराच्या रुग्णांना भूतबाधा झालेल्यांच्या पंक्तीला बसवून याजकदीक्षेस अपात्र ठरवले होते. १९८३ च्या संहितेत या आजाराचे नाव उरलेले नाही. असा आजार प्रार्थनेनेच जातो, असे येशू शिष्यांना म्हणाला. ते पुढे करून गोळ्या बंद करायला सांगणारेही मी पाहिले आहेत. हॉस्पिटलात पहाऱ्याखाली औषध कमी करणे वेगळे. घरी अचानक बंद केले तर न थांबणारा झटका येऊन मूल दगावू शकते.

त्या मुलाची जागा सापडली. ती बोलण्याच्या केंद्राच्या किती जवळ आहे हे त्याच तारांतून सौम्य वीज सोडून, त्याला चित्रे दाखवून, नावे विचारत तपासले. शस्त्रक्रियेचा निर्णय अजून व्हायचा आहे. सगळ्यांनाच ती करता येत नाही. काहींना तारा काढून तसेच घरी परतावे लागते. त्यांच्यासाठीही प्रार्थना करा.

११ तारखेला सायंकाळच्या मिस्सात आजाऱ्यांना तैलाभ्यंग दिला जाईल. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याला घेऊन यावे, मागच्या बाकावर नव्हे, पुढे. मिस्सा चालू असताना झटका आला तर आला. शेजारच्यांनी त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही तर गाडी काढावी. तोवर मी वेदीपाशी थांबेन.