वाढत्या अंगाचा

विदर्भात शाळा उशिरा उघडतात. बाकीच्या महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर घंटा होते, पण नागपूरचं ऊन तेव्हा कुठे उतरलेलं असतं? म्हणून इकडच्या पोट्ट्यांना जूनअखेरपर्यंत सूट. त्या शेवटच्या आठवड्यात महालात, सीताबर्डीवर, गांधीबागेत गणवेशाच्या कापडासाठी झुंबड उडायची आणि टेलरसमोर उभी राहिलेली प्रत्येक आई एकच सांगायची, "भाऊ, वाढत्या अंगाचाच शिवजा." टेलर मान वर न करता टेप दोन बोटं ढिला सोडायचा. पँटच्या पायाशी चार बोटं माया आत जायची. शाळेच्या डायरीत 'मापाचा व नीटनेटका गणवेश' असं छापलेलं असे. म्हणजे गणवेशाचा पहिला नियम मोडायची ती आईच, तोही शाळा उघडायच्या आधी.

असा गणवेश अंगाला नीट बसायचा तो जेमतेम एखादी सहामाही. त्याआधी ढगळ, त्यानंतर आखूड. दुसऱ्या वर्षी पाय उसवून लांब केले की खालची पट्टी कोऱ्या निळ्या रंगाची, वरची पँट धुऊन धुऊन विटलेली आणि दोहोंच्या मधे जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ. ती रेघ कुठल्याही इस्त्रीने जात नसे. दोन रेघा दिसल्या तर समजायचं, पँट थोरल्या भावाची आहे.

एकाच वर्गातली मुलं एका मापाची नसतात, हे त्या टेलरला कळत होतं. सरकारला ते कळायला अलीकडे एक अख्खं शैक्षणिक वर्ष खर्ची पडलं. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेतल्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात, एकाला 300 रुपये. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती गावातच कापड घेऊन गावातच शिवून घेई. 2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आला. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, सगळ्या महाराष्ट्राला सारखी. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे. स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले तिथे कुणाला शर्ट घट्ट, कुणाच्या कमरेवर पँट थांबेना. डिसेंबर 2024 मध्ये अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे गेले. हेतूला नावं ठेवायचं कारण नाही, बचत गटांच्या बायांना तर मुळीच नाही. पण ज्या पोराच्या अंगाला टेप लागलाच नाही, त्याचा शर्ट वाढत्या अंगाचा शिवणार कसा?

आता पोट्ट्यांची कारागिरी. शनिवारी पांढरा ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे जोडे. शुक्रवारी धुतलेले जोडे पावसाळ्यात वाळत नसत, म्हणून प्रार्थनेच्या आधी फळ्याजवळचे खडू गायब व्हायचे. ओला खडू फासला की जोडे रांगेपुरते पांढरेशुभ्र. मैदानावर पहिली उडी मारली की पायाभोवती धुरळा. काळ्या जोड्यांना पॉलिश म्हणजे उभ्या उभ्या दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासणं. मुलींचा स्कर्ट फाटकात गुडघ्याखाली असायचा आणि जिना चढेस्तोवर कमरेशी दोन घड्या पडून गुडघ्यावर यायचा. दोन वेण्या सक्तीच्या, रिबन काळीच. पण रिबन किती रुंद आणि फूल किती मोठं, हे लिहायचं नियम करणाऱ्याला सुचलं नव्हतं. झेंडूएवढी काळी फुलं डोक्यावर घेऊन मुली नियमात बसायच्या.

मुलांचं सगळं लक्ष फुलपँटवर. सातवीपर्यंत हाफपँट, आठवीत बढती. धीर न धरवणारे सातवीतच 'गुडघ्याला लागलंय' म्हणून पट्टी बांधून फुलपँटमध्ये यायचे. ती जखम मार्चपर्यंत भरत नसे. याच नागपुरात 1925 साली सुरू झालेल्या संघाला हाफपँट सोडायला 2016 ची विजयादशमी उजाडली. त्या मानाने आमची पोट्टी फारच उतावीळ.

वाढदिवसाला रंगीत कपड्यांची मुभा असे. पण बऱ्याच जणांची शाळेतली जन्मतारीख जूनमधली, नाव घालताना मास्तरांनीच सोयीने लावलेली. म्हणजे वाढदिवस सुट्टीतच जायचा. मग खरी तारीख आजीकडून यायची. "तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा," असं आजीने सांगितलं की झालं. आमच्या वर्गातला एक जण तिथीने एकदा आणि तारखेने एकदा, असा एकाच वर्षात दोनदा लाल चौकड्यांच्या शर्टात आला. वर्गशिक्षिकेने दोन्ही वेळा चॉकलेट घेतलं आणि काही विचारलं नाही.

फाटकात उभे असायचे ते पीटीचे सर. "काऊन बे, शर्ट कुठं चालला? इन कर." हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. शर्ट बाहेर असण्याची कारणं दोन. एक, हिरोगिरी. दुसरं, पँट मागून उसवलेली किंवा ठिगळाची, आणि वरचा शर्ट हेच तिचं झाकण. डायरीतल्या नियमाला दोन्ही गुन्हे सारखेच. नियम करणारा पोराला पाहत नसतो, पाहतो तो फाटकातला माणूस. म्हणून गणवेशाची शाळा चांगली की वाईट, हे मी नेहमी त्या माणसावरून ठरवत आलो आहे. एकदा सरांनी एकाला हटकलं तर तो जागचा हलेना, खाली बघत राहिला. सरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या पोट्ट्यावर ओरडले. त्याला पुन्हा कधी इन करायला सांगितलं नाही.

आमच्यातल्या हुशारांनी हे बरोबर टिपलं. दुसऱ्याच दिवशी तिघं शर्ट बाहेर सोडून, माना खाली घालून, अगदी गरीब चेहऱ्याने फाटकात उभे. तिघांच्या पँटा त्याच महिन्यात शिवलेल्या.

सर म्हणाले, "फाटली का? दाखव."

तिघांचे शर्ट जागच्या जागी आत गेले.