चुकलेले पाऊल

मूल चुकले की मास्तराने त्याला तिथेच थांबवावे की पुढे जाऊ द्यावे, हा वाद आम्हा शिक्षकमंडळींत फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, चूक रुजण्याआधीच उपटून टाकावी. दुसरा म्हणतो, वाहत्या पाण्याला वाट सापडतेच. दोघेही आपापल्या जागी ठाम असतात, आणि मधल्या सुट्टीतला चहा संपला की वादही संपतो. अलीकडे या प्रश्नाचा मला पुन्हा विचार करावा लागला तो एका परदेशी नाचामुळे. मला स्वतःला लेझीमपलीकडे काही येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझी एक भाची अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरीला आहे. तिकडे ‘कॉन्ट्रा’ नावाचा समूहनाच आहे. त्याचे मूळ इंग्लंडातल्या जुन्या नाचांत; लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६५१ साली अशा नाचांचे पुस्तक छापले होते. समुद्र ओलांडून गेलेला हा प्रकार न्यू इंग्लंडच्या लहान गावांतून तग धरून राहिला. न्यू हॅम्पशायरचे राल्फ पेज (१९०३–१९८५) यांनी तो आयुष्यभर शिकवला, आणि १९४९ पासून त्यासाठी एक मासिकही चालवले. मासिक चालवणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या माणसाची निष्ठा वेगळी सांगायला नको.

नाचाची रचना अशी : दोन लांबलचक रांगा समोरासमोर, आणि जोडीदार एकमेकांच्या समोर. शेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट होतो. फिडल आणि पियानो वाजू लागले की चौसष्ट मात्रांचे एक आवर्तन सुरू होते. त्यात हात धरून गोल फिरणे, पाठीला पाठ लावून वळसा घेणे, दोघांनी मिळून गिरकी घेणे, असे चार-सहा प्रकार गुंफलेले असतात. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ जातो आणि आवर्तन संपते. तोवर प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकलेली असते, समोर नवी जोडी, आणि पुन्हा तेच सारे पहिल्यापासून! आता काय करायचे हे सांगणारा एकजण मंचावर असतो. त्याला तिकडे ‘कॉलर’ म्हणतात. आपल्याला या शब्दाने सदऱ्याची आठवण होईल, म्हणून मी त्याला ‘पुकारणारा’ म्हणतो.

भाची गेल्या वर्षापासून पुकारू लागली आहे. कार्यक्रमाआधी अर्धा तास ती नवख्यांना शिकवते, आणि मग त्यांना जाणत्यांच्या रांगेत सोडते. तिने फोनवर मला विचारले, “मामा, तू इतकी वर्षं शिकवतोयस. एखादी जोडी चुकताना वरून दिसते. तिला थांबवायचं की चालू द्यायचं?”

वरकरणी प्रश्न साधा आहे. पण तिथे पन्नास माणसे नाचत असतात, संगीत कुणासाठी थांबत नाही, आणि एका जोडीला समजावत बसले तर उरलेल्या सगळ्यांची संध्याकाळ नासते. शिवाय पुकारण्याचे शास्त्रच विलक्षण आहे. ज्या मात्रेवर पाऊल पडायचे त्या मात्रेवर शब्द उच्चारून भागत नाही. तो दोन-चार मात्रा आधी पोहोचला पाहिजे. म्हणजे जे झाले त्यावर बोलायला पुकारणाऱ्याला वेळच नसतो. त्याचे सारे बोलणे पुढच्या क्षणाचे. आम्ही मास्तर मात्र बहुधा मागच्या क्षणावरच बोलत असतो. लाल शाईचा सगळा व्यवहार घडून गेलेल्या गोष्टींचा!

आणि गंमत अशी की नाचाची घडणच चूक पोटात घेणारी आहे. गिरकी हुकली, डावा हात द्यायचा तिथे उजवा दिला, तरी आवर्तन संपताना आपल्या घरी पोहोचले म्हणजे झाले. पुढची जोडी हात पुढे करून उभीच असते, आणि मागे काय घडले याची तिला दादही नसते. तोच नाच दहा-पंधरा वेळा फिरून येतो. जे पहिल्या खेपेस साधले नाही ते चौथ्या खेपेस आपोआप पायांत येते. ते शिकवले कुणी? समोरून आलेल्या चार जोड्यांनी. पुकारणारी फार तर “नव्या शेजाऱ्याकडे बघा” एवढे म्हणते.

मग सारेच चालू द्यावे काय? इथे मला दुसऱ्या पक्षाचेही पटत नाही. एकमेकांचा हात धरून फिरताना काही नवखे समोरच्याचा अंगठा मुठीत आवळतात, मनगट पिरगळते. गिरकीत कुणी आपला सगळा भार जोडीदारावर टाकतो. कुणी हौसेने, न विचारता, दुसऱ्याला भिंगरीसारखे फिरवतो. नाच बाहेरून अगदी बिनचूक दिसतो, पण दुखते ते दुसऱ्याला. अशा वेळी संगीत थांबले तरी चालेल, पण तिने बोलले पाहिजे, असे मी तिला सांगितले. डाव्या-उजव्याचा घोटाळा आणि पिरगळलेले मनगट यांना एकाच नावाने ‘चूक’ म्हणणे मला मान्य नाही. शाळेत मात्र आपण नेमके उलटे करतो. ऱ्हस्व-दीर्घाला छडी, आणि शेजारच्याला टोचून बोलणाऱ्या हुशार मुलाला पहिला नंबर!

तिची दुसरी अडचण अधिक नाजूक होती. जोडीने आलेले नवखे एकमेकांना सोडत नाहीत. दोन न येणारे एकत्र आले की चौघांचा गट मोडतो. म्हणून ती सुरुवातीला जाणत्यांना विनंती करते, की पहिले दोन-तीन नाच अनोळखी नवख्यांबरोबर करा. जाणत्यांना आपल्या तोलामोलाचा जोडीदार हवा असतो. तो सोडून कुणाच्या अडखळत्या पावलांशी पाऊल जुळवायचे म्हणजे संध्याकाळचा एक तुकडा देऊन टाकणेच. काही देतात, काही खुर्चीकडे वळतात. हे पुकारून करवता येत नाही.

अलीकडे तिकडे पुष्कळ ठिकाणी बाई-पुरुष अशी नावे न घेता दोन भूमिकांना पाखरांची नावे दिली आहेत : चंडोल आणि रॉबिन. कुणीही काहीही व्हावे. भाची म्हणते, नवख्यांना ते लवकर कळते, जाणत्यांचीच जीभ अडखळते.

नाच रंगू लागला की ती एकेक शब्द गाळत जाते. आधी पूर्ण वाक्य, मग दोन शब्द, मग एक, मग काहीच नाही. पहिल्यांदा गप्प बसताना तिला धास्ती वाटली होती. रांग कोलमडेल म्हणून नव्हे, तर कोलमडणार नाही म्हणून. ती धास्ती मला ओळखीची वाटली. रात्र संपताना तिकडे वॉल्ट्झ वाजवायची रीत आहे. त्यात पुकारण्याजोगे काही नसते. तेव्हा ती मंचावरून खाली उतरते आणि खुर्चीवर बसलेल्या कुणापुढे तरी हात करते.